टेली मानस १४४१६ : जुना आघात आणि मोठा आजार एकाच घरात असेल तर कितपत उपयोगी?

परीक्षेचा ताण, उडालेली झोप, नोकरी गेल्यावरची उदासी यांसाठी टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावता येतो, हे इंदूरमध्ये आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. घरात कुणाच्या कानात आवाज येतात, किंवा कुणी तीन-तीन रात्री न झोपता राहतं घर विकून कारखाना काढायला निघालंय, आणि त्याच माणसाच्या लहानपणी बेदम मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा डोळ्यांदेखत जवळच्याचा मृत्यू असं काही घडून गेलेलं आहे. अशा घरानं या नंबरावर वेळ घालवावा का? घालवावा. मात्र तयारीनं फोन करावा, आणि फोनवर उपचारच होतील असं धरून चालू नये. पुढे कुठे जायचं, किती लवकर जायचं आणि तिथे काय सांगायचं, एवढं या फोनवरून नीट ठरू शकतं.

आधी सेवेची माहिती थोडक्यात. केंद्र सरकारने ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केली. मुख्य सूत्रं बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे आहेत. चोवीस तास, बारा महिने, फुकट. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६. वीस भाषांची सोय आहे. फोन उचलतो तो प्रशिक्षित समुपदेशक. मामला त्याच्या आवाक्याबाहेरचा असेल तर तो फोन तज्ज्ञाकडे देतो, आणि तिथून पुढे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय किंवा ई-संजीवनी (सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा) यांच्याशी जोडून दिलं जातं. नाव सांगायची सक्ती नाही. ॲपही आहे, त्यातली स्वतःची काळजी घेण्याबद्दलची माहिती वाचायला बरी, पण आपल्या प्रश्नाला खरा उपयोग फोनचाच.

भाषा निवडायचा पर्याय सुरुवातीलाच येतो, आणि इंदूरचा मराठी माणूस हटकून हिंदीचं बटण दाबतो. बाजारात, बँकेत, शाळेत हिंदीच चालते, सवयच ती. लक्षणं आणि औषधांची नावं हिंदीत सांगायला काहीच हरकत नाही. लहानपणी घरात जे झालं ते मात्र बहुतेकांना घरच्याच भाषेत सांगता येतं. बोलणारा स्वतः रुग्ण असेल तर निवड त्याच्यावर सोडावी: रामबागेतल्या साठीच्या मावशींना मराठी सोपी जाईल, त्यांच्या नातवाला कदाचित हिंदी. मराठी निवडली तर पलीकडचा माणूस मध्य प्रदेशातलाच असेल असं नाही, म्हणून पहिल्याच वाक्यात ‘आम्ही इंदूरहून बोलतोय’ हे सांगून टाकावं. नाहीतर सगळं बोलणं छान व्हायचं आणि शेवटी पत्ता मिळायचा पुण्याचा.

आता मूळ विषय. २०१२ साली ३६ अभ्यास एकत्र करून जे विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात लहानपणी अत्याचार, छळ, दुर्लक्ष किंवा आई-वडील गमावणं वाट्याला आलेल्यांमध्ये सायकोसिसची (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची) शक्यता सुमारे पावणेतीन पट दिसली. २०१६ मध्ये बायपोलरवर, म्हणजे कधी मेनिया (टोकाची उसळी) आणि कधी खोल उदासी अशा आजारावर, तसंच काम झालं. तिथे आकडा अडीच पटीच्या थोडा वर होता, आणि भावनिक छळ वेगळा काढला तर चौपट. हे आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पण ते वाचताना दुसरी बाजूही धरून ठेवायची. सायकोसिसमधला प्रमुख आजार स्किझोफ्रेनिया, तो मुळात शंभरात एकाच्या आसपास होणारा. त्यामुळे शक्यता पावणेतीन पट झाली तरी खडतर बालपण गेलेल्या बहुसंख्यांना तो होत नाही. आनुवंशिकतेचा वाटा या आजारात मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो ८० टक्क्यांच्या घरात येतो. आणि बालपण अगदी सुखाचं गेलेल्यांनाही हा आजार होतोच.

घरं मात्र दोन टोकांना जातात. एका टोकाला ‘हे सगळं त्या प्रसंगामुळेच’, मग गोळ्या बंद आणि कुणीतरी मागचा जन्म दाखवणारा गाठायचा. दुसऱ्या टोकाला ‘हा मेंदूतल्या रसायनांचा आजार, जुनं उकरून काय मिळणार’, मग पंधरा वर्षं औषधं चालू असतात आणि रुग्णाला रोज पहाटे तीनला तेच स्वप्न पडून दचकून जाग येत असते, हे कुठल्याच कागदावर नसतं. दोन्ही चूक. औषध आणि आघातावरचे उपचार एकमेकांची जागा घेत नाहीत.

तिसरी एक दिशा आहे, तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. आजार स्वतःच आघात ठरतो. कुणीतरी मारायला येतंय अशी पक्की खात्री असताना काढलेली रात्र शरीरासाठी खरीच असते. त्यात दोन्ही हात बांधून रिक्षात कोंबून नेलं असेल, झाडफुंकीवाल्याकडे मिरचीचा धूर दिला असेल, तर बरं झाल्यावरही दवाखान्याच्या नुसत्या वासानं छाती धडधडते. मग तपासणीच्या तारखा चुकतात आणि घरचे म्हणतात, ‘ऐकतच नाही.’

टेली मानसबद्दल मोठी अडचण इथेच सुरू होते: फोनवर सगळा कारभार शब्दांचा. समोर बसलेला डॉक्टर रुग्णाचे डोळे, हालचाल, कपडे पाहतो. समुपदेशकाला तुम्ही जे सांगाल तेच दिसतं. म्हणून काही फरक फोन करणाऱ्यालाच माहीत असलेले बरे.

‘झोप येत नाही’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी लपतात. आघात भोगलेला माणूस झोपायला घाबरतो, दचकून उठतो आणि दुसऱ्या दिवशी पिळून निघालेला असतो. मेनियातला माणूस दोन-तीन तास झोपून ताजातवाना उठतो, त्याला झोपेची गरजच वाटत नाही. ‘थकवा आहे की नाही’ हे सांगितल्याशिवाय झोपेबद्दल सांगूच नये. मूडचंही तसंच. आघातातले चढउतार तासातासाला होतात आणि बहुतेक वेळा कशावरून तरी होतात: एखादा वास, दाराचा आवाज, कुणाचा चढलेला स्वर. मेनिया दिवसच्या दिवस टिकतो. निदानाच्या निकषांत पूर्ण मेनियासाठी किमान सात दिवस आणि सौम्य प्रकारासाठी चार दिवस धरतात. ‘मूड सारखा बदलतो’ एवढंच सांगितलं तर ऐकणाऱ्याला काहीही समजू शकतं.

आवाजांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. जुना प्रसंग अंगावर येतो तेव्हा माणूस थोडा वेळ त्या प्रसंगातच असतो, घाम फुटतो, नंतर भानावर येतो. सायकोसिसमधला आवाज टोमणे मारतो, हुकूम सोडतो, दोघं आपसांत बोलतात, आणि ऐकणाऱ्याला त्याची पुरती खात्री असते. पण ही सीमा स्वच्छ नाही. आवाजाचा सूर अत्याचार करणाऱ्याचाच असणं किंवा त्याच्या शिव्या तशाच्या तशा ऐकू येणं आढळतं. म्हणून ‘आवाज ओळखीचा वाटतो का, काही करायला सांगतो का’ हे रुग्णाला शांतपणे विचारून ठेवावं. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल तर फोनवर ते पहिल्या मिनिटात यायला हवं. शून्यात बघत बसणं, नंतर काही न आठवणं यालाही घरी ‘अंगात आलं’ किंवा ‘झटका आला’ म्हणतात. नाव देऊ नका, जे दिसलं ते सांगा: किती मिनिटं, डोळे उघडे होते का, जीभ चावली का, कपड्यांत लघवी झाली का. शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल तर आधी फिट्सची तपासणी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आजच्या उदासीबद्दल बोलायचं आणि तीन वर्षांपूर्वीच्या त्या ‘जोशातल्या’ महिन्याबद्दल गप्प राहायचं. लाज वाटते, पैसे उडालेले असतात, सासरी माहीत नसतं. पण बायपोलरमध्ये मूड सावरणाऱ्या औषधाविना (उदाहरणार्थ लिथियम) नुसती उदासीची गोळी सुरू झाली तर माणूस मेनियात जाऊ शकतो. हा एक महिना सांगितला की पुढचा सगळा मार्ग बदलतो.

फोनआधीची तयारी स्वयंपाकघरात होते. भिंतीवरच्या कालनिर्णयात जिथे दुधाचा हिशोब लिहिता, त्याच चौकटीत रोज तीन गोष्टी लिहा: झोपेचे तास, गोळ्या घेतल्या की चुकल्या, आणि एक शब्द — शांत, चिडका, घाबरलेला, उसळलेला, जो असेल तो. दोन आठवडे लिहिलं तरी चित्र उघडं पडतं. उसळी येण्याआधी झोप सातावरून पाचावर, पाचावरून तिनावर घसरताना त्या चौकटीत दिसते, तेव्हा घरात अजून सगळे ‘किती उत्साही झालाय’ म्हणत असतात. वर्षाचे काही दिवस — एखाद्याचा मृत्युदिन, दिवाळीचे फटाके, विशिष्ट पाहुण्यांचं येणं — यांच्याशी तो घसरण्याचा काळ जुळतो का, हेही तिथेच कळतं. फोनवर हे कालनिर्णय हातात घेऊन बसायचं. सोबत गोळ्यांची पाकिटं, म्हणजे नाव आणि मिलिग्रॅम अचूक वाचता येतात. ‘एक पांढरी, एक गुलाबी’ यावर कुणीच काही सांगू शकत नाही.

सुरुवात कशी असावी? साधारण अशी: ‘इंदूरहून बोलतेय. बहीण, वय ३४, बायपोलरचं निदान जुनं. लिथियम ३०० मिलिग्रॅम, दिवसाला तीन, दहा दिवसांपासून बंद. चार रात्री तीन तास झोप, थकवा नाही. जगून काय करायचं असं काल दोनदा म्हणाली. लहानपणी घरातल्याच माणसाकडून अत्याचार झालेला आहे, हे सांगायला तिची परवानगी आहे, तपशील आत्ता नको. आज काय करू?’ वाचायला मिनिटही लागत नाही. धोका, औषध, झोप, आघाताचं फक्त शीर्षक आणि एक स्पष्ट प्रश्न, सगळं त्यात आलं. याच्या उलट ‘तिचं लग्न ठरलं तेव्हापासून ना…’ अशी सुरुवात केली तर पंधरा मिनिटं जातात आणि बंद गोळ्यांचा विषय शेवटी निघतो. परवानगीचा मुद्दा वरवरचा नाही. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याची गोष्ट त्याला न विचारता तिसऱ्याला सांगणं, हा त्याच्या दृष्टीनं पुन्हा तोच अनुभव असतो: माझ्याबद्दलचं सगळं दुसरेच ठरवतात. परवानगी नसेल तर ‘पूर्वी काही गंभीर घडलं आहे’ एवढंच पुरतं.

आघाताची पूर्ण कहाणी या फोनवर सांगू नये असं आमचं ठाम मत आहे. रात्री एक वाजता, खोलीत एकटं असताना, पुन्हा भेटेल की नाही ठाऊक नसलेल्या माणसासमोर तपशिलात शिरलं की फोन ठेवल्यावर ते आवरायला कुणी नसतं. झोप जाते, आणि बायपोलर किंवा सायकोसिस असलेल्याची झोप गेली की पुढचं सगळंच ढासळतं. चांगला समुपदेशक इथे स्वतःच थांबवतो. ‘आत्ता कुठे बसला आहात, सोबत कोण आहे’ असं विचारतो, पाय जमिनीवर टेकवायला लावतो, आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ शब्दांत विचारतो. असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट पलीकडचा ‘नेमकं काय केलं त्यानं?’ असं खोदत बसला, किंवा ‘माफ करून टाका, पुढे चला’ म्हणाला, तर नम्रपणे वरच्या तज्ज्ञाकडे फोन द्यायला सांगावं.

गुप्ततेबद्दल: नाव न सांगता बोलता येतं, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे, जिवाला धोका असेल तर अपवाद. वेगळा अपवाद अठरा वर्षांखालच्यांचा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं की पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे चांगलंच आहे, पण घरच्यांना ते आधी ठाऊक असावं, म्हणजे ऐनवेळी ‘आम्ही तर विश्वासानं सांगितलं होतं’ असं व्हायचं नाही. मुलांसाठी १०९८ हा नंबर वेगळा आहे.

आता जे फोनच्या आवाक्यात नाही ते. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातलं प्रमाण शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासावं लागतं, शिवाय किडनी आणि थायरॉइड साधारण सहा महिन्यांनी. मे महिन्याच्या उन्हात घामाघूम झालेला, जुलाब लागलेला किंवा गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक अथवा आयब्युप्रोफेन आणून खाल्लेला लिथियमचा रुग्ण विषबाधेकडे जाऊ शकतो. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोबडं बोलणं दिसलं की फोनवर चर्चा नको, थेट रुग्णालय. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाईला अचानक भ्रम, संशय, असंबद्ध बोलणं सुरू झालं तर तेही तातडीचंच, ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून थांबू नये. तापासोबत किंवा डोक्याला मार लागल्यावर आलेला गोंधळ, म्हाताऱ्या माणसात एका दिवसात उपटलेला भ्रम — हे इंदूरच्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीचं काम, समुपदेशनाचं नाही. आणि कुणी अंगावर धावून जात असेल तर ११२.

आघातावरच्या उपचारांचं काय? नेदरलँड्समध्ये सायकोसिस आणि पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा आजार) दोन्ही असलेल्या १५५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना प्रोलाँग्ड एक्सपोजर (आठवणीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जाणं), काहींना ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसह आठवणीवर काम) अशी दीड-दीड तासाची आठ सत्रं दिली, उरलेल्यांना तुलनेसाठी प्रतीक्षा यादीत ठेवलं. उपचार मिळालेल्यांचा पीटीएसडी कमी झाला आणि सायकोसिस बिघडला नाही. म्हणजे ‘आवाज येणाऱ्याचं जुनं काही उघडायचंच नाही’ हा दंडक आता टिकत नाही. पण दीड तास, आठ वेळा, तोच थेरपिस्ट, ठरलेली वेळ: हेल्पलाइनची घडणच त्यासाठी नाही. ऐन मेनियात किंवा आत्महत्येचे विचार तीव्र असताना आधी झोप, औषध आणि सुरक्षितता, मग आघात. हा क्रम टेली मानसच्या मर्यादेशी नेमका जुळतो. पहिला भाग ते करून देऊ शकतात. दुसऱ्यासाठी माणूस शोधावा लागतो.

शोधायचा कसा? बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय, एम. वाय.मधली मानसोपचार ओपीडी, जिल्हा रुग्णालयातला मनकक्ष (मानसिक आरोग्याचा कक्ष) हे पहिले पत्ते. सरकारी ओपीडीत गर्दी असते, काही मिनिटांत बोलणं आटपावं लागतं, म्हणून फोनसाठी केलेली तीच चिठ्ठी तिथे डॉक्टरच्या हातात द्यावी. थेरपिस्ट खासगी असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आहे का ते बघावं आणि सरळ विचारावं: सायकोसिस किंवा बायपोलरच्या रुग्णांबरोबर आघातावर काम केलं आहे का, मानसोपचारतज्ज्ञाशी बोलत राहाल का, मध्येच त्रास वाढला तर काय कराल. तिसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडे जाऊ नये. एका शनिवार-रविवारी ‘सगळा ट्रॉमा रिलीज’ करून देणारी शिबिरं या रुग्णांसाठी धोक्याची. रात्रभर जागरण आणि भावनांचा उमाळा एकत्र आले की मेनियाला निमंत्रणच. रंगपंचमीच्या गेरमधल्या (रंगांच्या मिरवणुकीतल्या) भांगेबद्दलही हेच म्हणावं लागेल, भांग आणि गांजा सायकोसिस उसळवतात. ठंडाई घ्यायचीच तर घरी केलेली.

समुपदेशकाला क्वचितच कुणी विचारतं अशी एक गोष्ट विचारून घ्यावी: आगाऊ सूचनापत्र. २०१७ च्या कायद्यानं माणूस बरा असतानाच लेखी सांगून ठेवू शकतो की पुढे आजार उसळला तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीनं बोलणारी व्यक्ती कोण. आघात भोगलेल्यासाठी हे सोनं आहे. ‘पुरुष कर्मचाऱ्यानं धरू नये’, ‘अंधाऱ्या खोलीत एकटं ठेवू नये’, ‘अमुक काकांना भेटायला आत सोडू नये’ हे त्यात लिहिता येतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

गुण द्यायचे तर: पहिलं पाऊल म्हणून पाचपैकी चार. रात्री-अपरात्री, पैसे न मोजता, मराठीत, नाव न सांगता तज्ज्ञापर्यंत पोहोचण्याची दुसरी सोय इंदूरमध्ये आम्हाला सुचत नाही. चालू औषधांच्या देखरेखीसाठी दोन. आघातावरच्या उपचारांसाठी गुणच देत नाही, तो त्यांचा दावाही नाही.

फोन ठेवण्याआधी दोन गोष्टी विचारा: पाठपुराव्याचा फोन येणार का आणि साधारण कधी. तो कुणी उचलायचा हे घरात ठरवून ठेवा, आणि कर्ज विकणाऱ्यांच्या भीतीनं अनोळखी नंबर कापायची सवय असेल तर तेवढे दिवस ती बाजूला ठेवा.